कोण, कधी, कामून

कळफलकासमोर बसले की ते आधी दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटे एकमेकांत गुंतवत. मग मान थोडी पुढे काढून पडद्यावरची फाईल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. वाचताना ओठ किंचित हलत. कोणी घाई केली, तर वळून न पाहता म्हणत, "डोळ्याचं काम चालू हाय. हाताची पाळी आली की सांगतो."

मी हे प्रथम पाहिले तेव्हा माझा निष्कर्ष झटपट निघाला होता : या माणसाला टंकता येत नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. गुलबर्ग्याहून संगणकशास्त्रात एम.एस्सी. करून हुमनाबादच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेल्या एका खाजगी तंत्रनिकेतनात हंगामी अध्यापिका म्हणून रुजू झाले होते. घर आळंदचे, तुरीच्या व्यापाराचे. स्वयंपाकघरात कन्नड, दुकानात मराठी. माझा आराखडा स्पष्ट होता. दोन वर्षे इथे, मग अनुभवाचे प्रमाणपत्र, मग पुणे. वर्गाच्या खिडकीतून लॉऱ्या पश्चिमेकडे जाताना दिसत, आणि प्रत्येक लॉरी माझ्या आधी निघाल्यासारखी वाटे.

ते पंचेचाळिशीचे असतील. खजुरी गावचे. घराणे मेंढरे राखणारे. वडिलांच्या उतारवयात कळप विकला गेला आणि उरली ती थोडी तूर आणि मजुरी. दहावीनंतर ते हुमनाबादेत रेडिओ दुरुस्त करायला शिकले. रेडिओवरून टीव्ही, टीव्हीवरून संगणक. हजेरीपटावर मात्र त्यांचा हुद्दा 'इलेक्ट्रिशियन, हंगामी' असा होता, आणि नऊ वर्षे तो तसाच होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचे खरे नाव मी इथे लिहिणार नाही. त्याआधी दुसरे एक नाव लिहायला हवे होते, आणि ते वेळेवर लिहिले गेले नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे हैदराबादच्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेली चाळीस यंत्रे. त्यांतल्या एकातही डिस्क नव्हती. अण्णांनी ती सगळी एका सर्व्हरला जोडली होती आणि त्या सर्व्हरवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली बसवली होती. चाळीस यंत्रांना डोळे आणि हात तेवढे, डोके एकच. संस्थेने यासाठी जवळजवळ काहीच खर्च केला नव्हता, आणि बहुधा म्हणूनच संस्थेला त्याचे मोल कळले नव्हते.

प्रत्येक यंत्राला नाव होते. भुरी, लंगडी, काणी, म्हातारी. ही त्यांच्या वडिलांच्या कळपातल्या मेंढ्यांची नावे. लंगडीला चालू व्हायला चार मिनिटे लागत. काणीच्या पडद्याची उजवी बाजू कायम काळवंडलेली असे. म्हातारी दुपारी तापली की आपोआप झोपी जाई, आणि अण्णा तिच्यावर पंखा वळवून ठेवत. "चाळीस मेंढरं एकसारखी दिसत्यात ती रस्त्यानं जाणाऱ्याला," ते म्हणत. "राखणाऱ्याला न्हाई." सर्व्हरवर प्रत्येकीच्या नावाची एक लहानशी फाईल होती आणि तिच्यात तिच्या खोडी नोंदलेल्या होत्या.

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. लिनक्सवर कुठलेही पॅकेज बसवले की त्याच्याबरोबर एक कॉन्फिग फाईल येते. ते सॉफ्टवेअर कसे वागेल, हे त्या फायलीत लिहिलेले असते. ती मूळ फाईल. तिच्यातले काही बदलायचे तर रस्ते दोन. एक, मूळ फाईलच उघडून खोडाखोड करणे. दुसरा, तिला स्पर्श न करता शेजारच्या खणात, म्हणजे वेगळ्या फोल्डरमध्ये, स्वतःची छोटी फाईल ठेवणे आणि बदललेली ओळ तेवढी तिच्यात लिहिणे. संगणक आधी मूळ वाचतो, मग खणातल्या फायली क्रमाने वाचतो. दोघींनी एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळे सांगितले, तर नंतर वाचलेलीचे चालते. अण्णांचे सगळे राज्य या दुसऱ्या रस्त्यावर होते. तळाशी मूळ फाईल, तिच्यावर कॉलेजची, तिच्यावर प्रयोगशाळेची, आणि सर्वांत वर भुरीची किंवा लंगडीची.

"एवढे थर कशाला, अण्णा?" मी पहिल्याच महिन्यात विचारले. "मूळ फाईल उघडायची, एक ओळ बदलायची, काम संपलं."

"म्याडम, आमच्या खजुरीच्या शेताचा कागद बघा कधी. खाली निजामाच्या वक्ताचं उर्दू. त्याच्यावर सरकारचं कन्नड. आन् बांधावर भांडण चालतंय मराठीत."

"मग शेवटी चालतं कुणाचं?"

"शेवटी बोललं त्याचं. म्हंजे बायकोचं." ते स्वतःशीच हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "पण खालचा कागद फाडायचा न्हाई. नवं पॅकेज आलं की ते मूळ फाईल बदलून नवी ठिवतंय. आपलं वरचं तसंच राहतंय. मूळ कोरी असली तरच ते बेधडक बदलतंय. तुमी तिथं हात घातला, की त्याला कळंना होतंय : ही फाईल माझी का ह्यांची?"

वाचण्याची त्यांची सवय संगणकापुरती नव्हती. महामार्गावरच्या ढाब्यात गेलो तर ते भिंतीवरचा दरफलक मटणापासून लस्सीपर्यंत पूर्ण वाचत आणि मग एक चहा सांगत. वाढप्याने एकदा विचारले, "अण्णा, रोज काय वाचायलाव? रोज तेच हाय की." ते गंभीरपणे म्हणाले, "रोज तेच हाय का, तेच बघायलोय." बसस्थानकावर ते ज्या गावांना कधीच जाणार नव्हते, त्या गावांच्या गाड्यांच्या वेळा हात पाठीमागे बांधून वाचत उभे राहत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना मनातल्या मनात थोडे मंद समजतो.

त्यांचा दुसरा नियम तीन शब्दांचा होता : कोण, कधी, कामून. 'कामून' म्हणजे आमच्याकडचे 'का'. कुठल्याही छोट्या फायलीच्या डोक्यावर या तीन ओळी असल्याच पाहिजेत. ओळीच्या आरंभी जाळीसारखे एक चिन्ह घातले की संगणक ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून ते रोमन अक्षरांत लिहीत. लंगडीची फाईल मला अजून पाठ आहे. 'कोण : मी. कधी : येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. कामून : हिला मोठं चित्र झेपत न्हाई. हिला मारू नये, थांबावं.'

"संगणक हे वाचतच नाही," मी म्हटले. "मग एवढा तपशील कुणासाठी?"

तेव्हा त्यांनी फांदीची गोष्ट सांगितली. वडील कळप घेऊन पुढे चालत. आई संसार घोड्यावर लादून, लेकरे घेऊन मागून येई. वाटेला फाटा फुटला की जी वाट सोडायची तिच्यावर वडील बाभळीची फांदी आडवी टाकत. आई फांदी बघून दुसऱ्या वाटेला लागे. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

"एकदा बाप इसरला," अण्णा म्हणाले. "घाईत होता. ढग आलते."

"मग?"

"दोन दिस मायला कळप सापडला न्हाई. तान्ही बहीन होती कडंवर." त्यांनी काणीच्या पडद्यावरची धूळ बोटाने पुसली. "मेंढराला फांदी कळत न्हाई, म्याडम. मागून येणाऱ्या मानसासाठी असती ती."

बहिणीचे पुढे काय झाले, ते त्यांनी सांगितले नाही. विचारायची गरज नव्हती.

माझ्या दुसऱ्या वर्षी संस्थेत तपासणी समिती येणार असल्याचे पत्र आले. समितीने प्रयोगशाळा मान्य केली तर 'प्रयोगशाळा सहायक' हे पद मंजूर होणार होते, आणि प्राचार्यांनी ते अण्णांना कबूल केले होते. आदेश टंकूनही ठेवला होता. सही आणि तारीख तेवढी बाकी. त्याची एक प्रत अण्णांनी मिळवली आणि सर्व्हरच्या माहितीपुस्तकाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपून ठेवली. एकदा मला ती दाखवताना ते म्हणाले, "हजेरीपटात माझ्यापुढं 'इलेक्ट्रिशियन' हाय. ते खोडू नका म्हनलं सरांना. वरून एक कागद टाका. नऊ वर्सं झाली, एका कागदानं भागतंय."

त्या कागदाचे वाचन त्यांनी माझ्यादेखत केले. हात पाठीमागे बांधून, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून.

समितीच्या दोन अटी होत्या. चाळीसही यंत्रे एकाच वेळी चालली पाहिजेत, आणि सॉफ्टवेअर अद्ययावत हवे. यंत्रांना सर्व्हरशी जोडणाऱ्या पॅकेजच्या मूळ फायलीत एकावेळी पंचवीस जोडण्यांची मर्यादा होती. वर्ग वीस-वीसच्या तुकड्यांत भरत, त्यामुळे ती कधी आड आली नव्हती. अण्णा म्हणाले, "येळवस करून येतो, मग वरून एक फाईल टाकू, मग नवं पॅकेज." येळवस म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येचा आमच्या भागातला सण, त्या दिवशी गावेच्या गावे शेतात जेवायला जातात. जाताना त्यांनी एक बंद पाकीट माझ्या हाती दिले. त्यात सर्व्हरचा पासवर्ड होता. "लागला तर वापरा. वाचून मग हात लावा."

ते गेले त्याच दिवशी प्राचार्य प्रयोगशाळेत आले. चाळीस यंत्रे एकदम लावून दाखवा, म्हणाले. पंचवीस लागली, पंधरा काळी. "तुम्ही एम.एस्सी. ना?" त्यांनी विचारले. "की हे सगळं इलेक्ट्रिशियनलाच येतं?"

मी पाकीट फोडले. पासवर्ड म्हणजे एका मेंढीचे नाव आणि तिच्यापुढे चार आकडे. मी मूळ फाईल उघडली, पंचवीसच्या जागी चाळीस लिहिले, जतन केले, बाहेर पडले. चार मिनिटे लागली असतील. खणात वेगळी फाईल नाही, डोक्यावर तीन ओळी नाहीत. चाळीस पडदे एकदम उजळले. प्राचार्य "व्हेरी गुड" म्हणून गेले, आणि मला वाटले, थरांचे हे सगळे प्रकरण म्हणजे एका अशिक्षित माणसाचे सोवळे आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णा परतले. माझ्यासाठी डबा आणला होता. भज्जी, म्हणजे येळवशीची ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची मिसळभाजी, आणि बाटलीत आंबील. शेतातले जेवण शिळे झाले तरी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, असे त्यांचे मत. मी जेवत असताना त्यांनी यंत्रांवरून नजर फिरवली.

"चाळीस चालल्या?"

"चालल्या."

"वरून टाकलं ना?"

"हो," मी म्हटले.

त्या एका अक्षराचे पृथक्करण मी पुढे अनेकदा केले आहे. माझ्या तोंडात त्यांच्या घरचा घास होता. व्याख्यान ऐकण्याची इच्छा नव्हती. फाईल चालत होती. नंतर सवडीने नीट करून ठेवू, असे मनात होते. ही सगळी कारणे खरी आहेत, आणि त्यांच्यातले एकही पुरेसे नाही.

त्यांनी खात्री करून घेतली नाही. जो माणूस ढाब्याचा दरफलक रोज वाचत असे, त्याने माझा 'हो' न वाचता स्वीकारला.

तपासणीच्या आदल्या दुपारी त्यांनी नवे पॅकेज बसवायला घेतले. मूळ फाईल कोरी असती, तर पॅकेजने ती मुकाट्याने बदलून नवी ठेवली असती. पण तिच्यात कोणीतरी हाताने बदल केल्याचे पॅकेजला दिसले. अशा वेळी ते माणसाच्या कष्टाचा मान राखते : जुनी फाईल जागेवर राहू देते, नवी तिच्याशेजारी वेगळ्या नावाने ठेवते आणि पडद्यावर तशी एक ओळ सोडते. शंभरभर ओळींत ती एक ओळ. अण्णांनी ती वाचली असती. पण तेवढ्यात शिपाई आला : सभागृहातल्या दोन ट्यूबलाइट लुकलुकत आहेत, समिती उद्या येणार, प्राचार्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावले आहे. अण्णा शिडी घेऊन गेले. ते परत आले तेव्हा पडद्यावर फक्त 'पूर्ण झाले' एवढेच उरले होते, आणि यंत्रांना जोडणारे ते सॉफ्टवेअर पूर्वीसारखेच चालू होते. आधीपासून चालू असलेले सॉफ्टवेअर जुनेच चालत राहते, जोवर सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही तोवर.

सकाळी वीज गेली. बॅटऱ्या उतरल्या. दहा वाजता वीज आली, अण्णांनी सर्व्हर सुरू केला आणि समितीचे तिघे जण दारात उभे राहिले. नव्या सॉफ्टवेअरला त्या जुन्या फायलीतली दोन कलमे कळेनात. ते सुरूच होईना. भुरी, लंगडी, काणी, म्हातारी, सगळ्या काळ्या. चाळीस काळे पडदे, आणि प्रत्येकात दारात उभ्या असलेल्या तिघांची अंधुक प्रतिबिंबे.

अण्णा सर्व्हरसमोर बसले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.

प्राचार्य खाकरले. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "हे काय, प्रार्थना चालली आहे का?" कोणीतरी हसले. अण्णा वाचत होते. त्यांनी यंत्रांच्या चाळीस फायली वाचल्या. मग प्रयोगशाळेची. मग कॉलेजची. ते स्वतःच्या प्रत्येक ओळीत चूक शोधत होते, कारण मूळ फायलीत चूक असणे त्यांच्या हिशेबी शक्यच नव्हते. मला ठाऊक होते कुठे पाहायचे ते. एक वाक्य पुरले असते. माझ्या खिशात पुण्याच्या एका कंपनीचे मुलाखतीचे पत्र होते आणि अनुभवाच्या प्रमाणपत्रावर प्राचार्यांची सही व्हायची होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

समिती उपाहारगृहाकडे गेली. त्यानंतर बऱ्याच वेळाने अण्णांनी, दुसरे काहीच उरले नाही म्हणून, मूळ फाईल उघडली. मी त्यांचे ओठ पाहत होते. एका ओळीवर ते थांबले. ते वळले नाहीत. फक्त काळ्या काचेत त्यांची नजर माझ्या नजरेला भेटली आणि पुन्हा फायलीवर गेली.

पाच मिनिटांत चाळीस यंत्रे चालू झाली. तोवर समितीच्या कागदावर 'प्रयोगशाळा अकार्यक्षम' असे उमटले होते.

प्राचार्य परत आले ते ओरडतच. "कुणी केलं हे?"

खोलीत आम्ही तिघेच होतो. क्षणभर काही झाले नाही. तो क्षण माझा होता, आणि अण्णांनी तो पुरेसा लांबू दिला. मग ते उभे राहिले.

"सर्व्हर माझ्या ताब्यात हाय, सर."

त्यांना प्रयोगशाळेतून काढून वसतिगृहाच्या पाण्याच्या मोटारीवर नेमले. हुद्दा बदलावा लागला नाही. इलेक्ट्रिशियन तर ते होतेच. आठवड्याभराने मी मोटारीच्या खोलीकडे गेले. मनात वाक्य तयार होते.

"अण्णा, मला बोलायचं होतं."

त्यांनी पान्हा खाली ठेवला, हात कापडाला पुसले. "बोला की, अक्का." त्यांनी मला अक्का म्हटले, ते पहिल्यांदाच.

"ही मोटार... असा आवाज का करते?"

त्यांनी पान्हा पुन्हा उचलला. मग बेअरिंग कसे झिजते, तेल कधी घालावे, कुठला आवाज साधा आणि कुठला धोक्याचा, हे त्यांनी मला सविस्तर समजावून सांगितले. मी मान डोलावत सगळे ऐकले. सत्र संपल्यावर त्यांचा करार वाढवला गेला नाही. माझे प्रमाणपत्र सहीनिशी मिळाले.

पुण्यात माझ्या हाताखाली चाळीस नव्हे, शेकड्यांनी सर्व्हर आले. पहिल्या वर्षीच मी एक नियमावली लिहिली : मूळ फायलीला स्पर्श नाही, प्रत्येक बदल वेगळ्या थरात, प्रत्येक थरावर कोणी, केव्हा, कशासाठी. कंपनीने ती सर्वत्र लागू केली. वरिष्ठांनी भर बैठकीत माझ्या शिस्तबद्ध विचारपद्धतीचे कौतुक केले. त्या नियमावलीच्या पहिल्या पानावर माझे नाव आहे.

चार वर्षांनी आळंदला एका लग्नाला गेले होते. तिथून खजुरी लांब नाही. घर विचारत विचारत गेले. अण्णांच्या पत्नी अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले आणि मला निरखले.

"तुमीच व्हय त्या कालेजातल्या म्याडम? बसा." मग बाज झटकत त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितले की मला ते कळायला वेळ लागला. "ते गेले की. मागच्या पावसाळ्यात. कावीळ झालती. पुण्याहून आले ते पिवळेच आले."

"पुण्याहून?"

"दोन वर्सं पुण्यालाच होते की. मोठ्या मोठ्या बिल्डिंगी बांधायलेत, तितं वायरिंगला." त्या माझ्यासमोर बसल्या. "तुमचा नंबर होता त्यांच्या डायरीत. मी म्हनायची, म्याडम तितंच हायती, फोन लावा, कुठं तरी चिकटवतील. तर म्हनायचे, 'बोलायचं त्यांच्याकडं हाय. माझ्याकडं न्हाई.'"

तुरीच्या फोलाचा एक झोत वाऱ्याने आमच्यामधून गेला.

"काय बोलायचं होतं ओ?" त्यांनी विचारले. आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

मी प्यायला पाणी मागितले.

दुसऱ्या दिवशी परतताना वाट वाकडी करून हुमनाबादला उतरले. तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा नवी झाली होती. चकचकीत यंत्रे, प्रत्येकाची डिस्क स्वतंत्र, नावे कोणालाच नाहीत. जुना सर्व्हर कोठारात मोडक्या बाकांमागे होता. कोठाराच्या कारकुनाने मला ओळखले आणि कुरकुरत का होईना, तो जोडून दिला. "शनिवारी भंगारवाला येनार हाय, म्याडम. काय बघायचं ते लवकर बघा."

पासवर्ड तोच होता. त्या दिवसानंतरही त्यांनी तो बदलला नव्हता.

मूळ फाईल नव्या पॅकेजची, कोरी, अस्पर्श होती. मी खण उघडला. सर्वांत शेवटी, सर्वांत मोठ्या क्रमांकाची एक फाईल होती. तारीख तपासणीच्या दिवसाची, वेळ दुपारची. आत कामाची ओळ एकच : जोडण्यांची मर्यादा, चाळीस. माझा बदल त्यांनी उचलून जिथे असायला हवा होता तिथे ठेवला होता. त्याच्या डोक्यावर तीन ओळी होत्या. 'कधी'पुढे तारीख घातली होती. 'कोण'पुढे काही नव्हते. 'कामून'पुढेही काही नव्हते.

एवढ्या फायलींत ओळी रिकाम्या ठेवलेली ही एकच फाईल.

मी हात पाठीमागे बांधले. खणातली प्रत्येक फाईल वाचली. भुरी, काणी, म्हातारी, लंगडी. थांबावं, हिला मारू नये. मग हात पुढे घेतले आणि 'कोण'पुढे माझे नाव लिहिले, आडनावासकट. 'कामून'पुढे घाई असे लिहिले. खोडले. भीती लिहिले. तेही खोडले. मोटारीच्या खोलीतही घाई नव्हती, आणि काल खजुरीच्या अंगणात तर भिण्यासारखे कोणी उरलेच नव्हते. ती ओळ मी रिकामीच सोडली आणि फाईल जतन केली.

"झालं का?" कारकून मागे येऊन उभा होता. "काय लिवलाव?"

"नाव."

"मशीनला लागतंय व्हय ते?"

"नाही. मशीन ती ओळ वाचत नाही."

त्याने खांदे उडवले आणि प्लग ओढला. पडदा विझला. वायर गुंडाळून त्याने सर्व्हर उचलला आणि कोपऱ्यातल्या ढिगावर ठेवला. खालच्या यंत्राच्या कडेला एक अर्धवट निघालेली कागदी चिठ्ठी होती आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात 'लंगडी'. ढिगातल्या प्रत्येक यंत्रावर खडूने आकडे घातलेले होते, एक ते चाळीस. कारकुनाने खिशातून खडू काढला आणि सर्व्हरवर एक्केचाळीस लिहिले.